पाण्यातला मांडो

शुद्ध मराठी आपल्याच आळीत जन्माला आलं, अशी पुण्यातल्या प्रत्येक आळीची समजूत असते. माझीही होती. त्यात मी ओव्हरसियरची परीक्षा पास झालेला, वय तेवीस, अक्षर वळणदार. विदर्भ मुंबई राज्यात आला त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात सरकारने मला वैनगंगेच्या काठी पाठवलं. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. स्टेशनावर हमालापासून तिकीटबाबूपर्यंत सगळे माझ्याशी हिंदीत बोलले. मला वाईट वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं. म्हटलं, इथे आपली गरज आहे.

काम असं होतं. नदीवर पुढेमागे पूल व्हायचा होता, आणि पुलाआधी पात्राखाली खडक किती खोल आहे ते भोक पाडून पाहावं लागतं. काठाजवळची भोकं उन्हाळ्यात वाळूत उभं राहून पाडता आली. मधल्या डोहाला मात्र बारा महिने पाणी. तिथे आम्ही तरता फलाट केला होता. दोन मोठे डोंगे, त्यांच्यामध्ये लोखंडी पिंपं, वर फळ्या, फळ्यांच्या मधोमध तीन बल्ल्यांची उंच तिपाई आणि तिला टांगलेलं यंत्र. चार कोपऱ्यांना चार जाड दोर, दोरांच्या टोकांना नांगर. डिझेलचं इंजिन दिवसभर ठकठकत असे, आणि फलाटावरच्या पाच माणसांना एकमेकांचं बोलणंही ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे.

गावातले लोक त्याला मांडो म्हणत. मांडो म्हणजे लग्नाचा मांडव. रोवणीला, म्हणजे भातलावणीला, जाणाऱ्या बाया काठावर थांबून विचारायच्या, "मांडो तं झाला जी, नवरी कोठं आहे?" यंत्रावरचा मिस्त्री जबलपूरकडचा होता. त्याला कळायचं नाही, पण तो हसायचा. मी हसत नसे, कारण मी हुद्द्यावर होतो.

डोंगे ज्याचे होते तो म्हातारा ढिवर, म्हणजे तिकडचा नावाडी-कोळी, माझा उजवा हात होता. पन्नाशीचा असेल, पण नदीने त्याला सत्तरीचा केला होता. त्याचा मुलगा फलाटावर दोर आणि नांगर सांभाळायचा. पाण्यात तो आपल्या घरातल्यासारखा वावरे, आणि जमिनीवर आला की अवघडल्यासारखा चालत असे. माझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठा. सकाळी फलाटावर जाताना तो डोंग्यात उभा राहून मागे वळून वरच्या अंगाला पाहायचा, कारण त्याची बायको रोवणीसाठी तिकडे तीन मैलांवर माहेरी गेली होती. इतक्या लांबून काहीच दिसणं शक्य नव्हतं. तरी तो पाहायचा.

फलाटावरचं यंत्र दुसऱ्या जिल्ह्यात अडकून उशिरा आलं, म्हणून शेवटचं भोक पावसाळ्यात गेलं. नागपूरच्या मोठ्या साहेबांचा निरोप आला की काम थांबवू नका, मात्र पूर आणि वादळ यांची व्यवस्था लेखी करून ठेवा. लेखी म्हटल्यावर मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दोन दिवस तंबूत बसून मी अकरा कलमी योजना लिहिली. शिट्टी मी एकट्याने वाजवायची. शिट्टीशिवाय कुणीही जागा सोडायची नाही. शिट्टी झाली की म्हाताऱ्याने घाटावरचे दुसरे डोंगे फलाटाला लावायचे, माणसं उतरवायची, आणि सर्वांत शेवटी राहिलेल्या इसमाने दोर तोडून फलाट मोकळा करायचा, म्हणजे तो ओढीने बुडणार नाही. वादळाला दोन कलमं, पुराला नऊ.

पुराची तिथली तऱ्हा वेगळी. पाऊस पडतो बालाघाट-शिवनीच्या डोंगरात, आणि आपल्याकडे लख्ख ऊन असताना नदी अंगावर येते. त्यामुळे वरची बातमी खाली पोचणं हेच सगळं. तीन मैलांवर पात्रात एक प्रचंड काळा दगड आहे, हत्तीगोटा म्हणतात त्याला. पाणी हत्तीच्या पोटाला लागलं की पाऊणएक तासात आमच्या डोहावर पूर. तिथून इथपर्यंत काठाने धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि त्या दिवसांत प्रत्येक बांधीत रोवणीच्या बाया वाकलेल्या. एका बांधीतून हाक दिली की पुढची बांधी ती उचलणार, तिच्या पुढची तिच्याकडून, असं करत निरोप माझ्या तंबूपर्यंत. हत्तीगोट्यासमोरची बांधी नेमकी म्हाताऱ्याच्या सुनेच्या माहेरची होती. पहिली हाक तिने द्यायची ठरलं.

मी स्वतः तिकडे गेलो. बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून तिला आणि तिच्यासोबतच्या बायांना तीन वाक्यं शिकवली. पाणी येत आहे, म्हणजे धोका, माणसं उतरवा. पाणी येऊन राहिले आहे, म्हणजे यायचं तेवढं आलं, आता थांबलं, काम चालू ठेवा. पाणी उतरत आहे, म्हणजे सगळं ठीक. प्रत्येकीकडून दहादा म्हणवून घेतली. चिखलाच्या हातांनी पदर तोंडाशी धरून त्या हसत होत्या.

सून हसायची थांबली आणि म्हणाली, "साहेब, हा पह्यला न दुसरा तं एकच होय."

"एकच कसं? येत आहे म्हणजे अजून येतंय. येऊन राहिले म्हणजे येऊन थांबलं. मुक्कामाला."

"पानी मुक्काम करते का जी?"

सगळ्या जणी पुन्हा खिदळल्या. मला राग आला. बायकांना व्याकरण शिकवायला सरकारने मला पाठवलेलं नाही, असं काहीसं मी बोललो, आणि निघताना बजावलं की लिहिलंय तसंच म्हणायचं. ती म्हणाली, "होव जी." मी चिखलातून परत येताना मनाशी म्हणालो की बाई हुशार आहे, पण भाषेत कच्ची.

आता हे लिहिताना माझं मलाच हसू येत नाही. दोनतीन महिने त्या लोकांत राहून मी 'जाऊन राहिलो', 'जेवून राहिलो' रोज ऐकत होतो. पण ते मी चुकीचं मराठी म्हणून ऐकत होतो, आणि चुकीच्या बोलण्याला अर्थ असतो हे माझ्या गावीही नव्हतं. कुणी 'जेवून राहिलो' म्हटलं की मी विचारायचो, "कुठे राहिलात?" आणि माझ्या विनोदावर मीच खूश व्हायचो.

तो दिवस मला नेहमी थोडा धूसर आठवतो. चारपाच दिवस पाऊस नव्हता. ऊन असं पडलं होतं की नदीवरचा उजेड तंबूच्या कापडावर आतून हलायचा, आणि मी पाण्याखाली बसलोय असं वाटायचं. दुपारचा भात अंगावर आला होता. इंजिनाची ठकठक लांबून अंगाईसारखी लागत होती. वरच्या अंगाला रोवणीची गाणी चालली होती. शब्द कळायचे नाहीत, नुसता एक लांब ओढलेला सूर एका बांधीत विरायचा आणि दुसरीत उगवायचा. मी खुर्चीत अर्धा जागा होतो. पुण्याचं घर, आईने वाळत घातलेली धोतरं, त्यांच्या खालून वाहणारी वैनगंगा, असं काहीतरी बंद डोळ्यांपुढे चाललं होतं. त्याच सुरात मिसळून, जणू गाण्याचाच तुकडा असल्यासारखी हाक आली.

"पानी येऊन राहिलाऽऽऽ!"

मग जवळच्या बांधीतून, अधिक स्पष्ट, तेच. मी डोळे उघडले, योजना काढली आणि कलम सात पाहिलं. दुसरं वाक्य. लिंग चुकलं होतं, पण वाक्य दुसरंच होतं. मी नोंदवहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: पाणी येऊन राहिले. स्थिर. काम चालू. आणि खरं सांगायचं तर माझा ऊर भरून आला. तीन मैलांवरून माझं वाक्य चालत माझ्यापर्यंत आलं होतं.

म्हातारा धावत तंबूपाशी आला. "ऐकलं का जी साहेब?"

"ऐकलं."

"येऊन राहिला म्हनते."

"हो, येऊन राहिलं."

"येऊन राहिला ना?"

"अहो, तेच तर मी म्हणतोय. येऊन राहिलं. माझ्या कागदावर आहे ते."

त्याचा चेहरा निवळला. साहेबाला समजलं, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं, म्हाताऱ्याला समजलं. दोन माणसांचं इतकं एकमत मी पुढे नोकरीत फार थोड्या वेळा पाहिलं. तो म्हणाला, "मंग मी डोंग्यापाशी हावो," आणि घाटाकडे गेला. डोंगे सोडून, वल्हं हातात धरून तो माझ्या शिट्टीची वाट पाहत उभा राहिला. मी पुन्हा खुर्चीत टेकलो. शिट्टी माझ्या गळ्यात होती.

नंतर मी त्याला विचारलं होतं की तुम्ही पुन्हा का नाही आलात. तो म्हणाला, "कागदात टाइम लिवला असन, असं वाटलं जी." त्याने माझ्या कागदावर भरवसा ठेवला. तसा भरवसा मी त्याच्या बोलण्यावर ठेवला असता तर हे लिहावं लागलं नसतं.

मला जाग आली ती आवाजाने नव्हे. काहीतरी कमी झालं होतं म्हणून. गाणी थांबली होती. बांध्यांतल्या बाया कंबर सरळ करून नदीकडे पाहत उभ्या होत्या. मी बाहेर आलो. डोहाचा हिरवा रंग गेला होता. फेस आला, काड्या आल्या, मग एक अख्खा भोपळ्याचा वेल पिवळ्या फुलांसकट पाण्यावर पसरून माझ्यासमोरून गेला. त्याच्याकडे मी पाहतच राहिलो. केवढा सुंदर दिसत होता. फलाटावरची माणसं काठाकडे तोंड करून हात हलवत होती. शिट्टीशिवाय जागा सोडायची नाही, हे त्यांना मीच शिकवलं होतं.

मी शिट्टी तोंडाला लावली. तोंड इतकं कोरडं पडलं होतं की नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा वाजली. तोवर म्हातारा तिची वाट न पाहता निघाला होता. पाण्याने डोंगा तीनदा खाली ओढून नेला आणि त्याने तीनदा तो वर आणला. मिस्त्री आणि तिघे जण डोंग्यात उतरले. मुलगा उतरला नाही. सर्वांत शेवटी राहिलेल्या इसमाने दोर तोडायचा होता, आणि वरच्या अंगाचे दोन्ही दोर ताणून फलाटाचं नाक पाण्यात ओढत होते. कुऱ्हाड उचललेली मला दिसली. खालच्या अंगाचे दोन त्याने आधीच तोडले होते; आता वरचा एक दोर तुटला. दुसरा तुटला तेव्हा मुलगा आडवा पडला, आणि पाणी फलाट घेऊन निघालं.

फलाट उलटला नाही, मोडला नाही. तिपाई सरळ उभी, तिच्यावर मिस्त्रीने वाळत टाकलेला सदरा फडफडतोय, सगळीकडे ऊन, आणि कसलाही आवाज न करता तो मांडो वरातीसारखा वळणापर्यंत गेला आणि वळणाआड दिसेनासा झाला. मला तो अजून स्वप्नात दिसतो. स्वप्नात तो सुंदर दिसतो, याचा मला राग येतो.

म्हातारा ओल्या अंगाने काठाकाठाने खाली धावत गेला. मी तिथेच उभा होतो. काही वेळाने त्याची सून आली. तीन मैल धुऱ्यांवरून पळत आली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात रोवायच्या रोपांची पेंडी तशीच. नदीतली रिकामी जागा तिने पाहिली, काठावरची चार माणसं मोजली. मग माझ्याकडे आली.

"म्या हाक देल्ली होती. ऐकू नाही आली का?"

खोटं बोलायला जागा होती. वारा उलटा होता म्हणता आलं असतं. इंजिन होतंच.

"ऐकू आली," मी म्हणालो.

"मंग काऊन नाही उतरवले?"

मी खिशातून कागद काढला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवला. कलम सात, वाक्य दुसरं. माझाच आवाज मला परका वाटत होता. ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "म्या तं सांगतलं होतं, एकच होय म्हनून." ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पेंडी खाली ठेवली आणि काठावर बसली.

ती तीन दिवस तिथे होती. म्हातारा आणि गावातले ढिवर खाली दहादहा मैल शोधून येत होते. येणारीजाणारी माणसं तिच्यापाशी थांबत, हळू आवाजात विचारत, आणि ती प्रत्येकाला एकच सांगे, "येऊन राहिले ते." मी तंबूच्या दारात बसून ऐकायचो. माझ्या पुणेरी कानाला आधी वाटे की ही म्हणते आहे, तो आला आणि राहिला. मग डोळ्यांसमोर रिकामा काठ दिसे, आणि अर्थ लागे: तो अजून येतोच आहे. तीन दिवसांत शंभर वेळा तरी मला तो अर्थ असा नव्याने लागला असेल. देवाशी माझं फारसं पटत नसे, तरी मी नदीला नारळ बोललो.

साहेबांना मी पत्र लिहिलं: चूक सर्वस्वी माझी. काय चूक, तेही लिहिलं. नागपूरचे असल्याने त्यांना दोन ओळींत कळलं. तपासाला आले तेव्हा आधी हसू आवरेना, मग माझा चेहरा पाहून त्यांनी नोंदवही मागितली. माझी नोकरी राहिली. तिच्याबद्दल मी त्या दिवसांत विचारही केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी ऊन कलताना खालच्या अंगाने हाक आली. आधी अगदी बारीक, मग एका बांधीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत.

"येऊन राहिलाऽऽऽ! येऊन राहिलाऽऽऽ!"

या खेपेला मला अर्थ लावावा लागला नाही. मी उठलो आणि गळ्यातली शिट्टी जीव खाऊन वाजवली. का वाजवली, सांगता येणार नाही. वाजवत राहिलो. ती उभी राहिली होती. तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, "आता वाजवून राहिले का, साहेब?"

तो बैलगाडीतून आला, बापाच्या मांडीवर डोकं ठेवून. फलाट बारा मैलांवर एका बेटातल्या झाडांत अडकला होता, आणि पाणी उतरेपर्यंत तो तिपाईला धरून बसला होता. उजव्या हाताची दोन बोटं दोराने नेली होती. मी त्या हाताकडे पाहून काहीतरी क्षमेचं बोललो; माझं वाक्य फार शुद्ध होतं आणि फार लांब. तो म्हणाला, "जाऊ द्या जी," आणि डोळे मिटले.

पंधरा दिवसांनी बेटात अडकलेलं यंत्र काढायला माणसं पुन्हा पाण्यात उतरवायची होती. नवी योजना हवी होती. मी कागद घेऊन सुनेकडे गेलो आणि म्हणालो, तुम्ही सांगा, मी लिहितो. तिने एकच वाक्य सांगितलं. मी विचारलं, "आणि पाणी थांबलं तर?" ती म्हणाली, "मंग कोन कायले ओरडन?" अकरा कलमांचं एक कलम झालं.

मग तिने मला ते म्हणायला लावलं. मी म्हटलं. "असं नाही, जोरानं." बाया रोवणी सोडून जमल्या. मी धुऱ्यावर उभा राहून 'पानी'तला न आणि शेवटचा लांब सूर जुळवत होतो, आणि त्या पोट धरून हसत होत्या. मलाही हसू येत होतं, कितीतरी दिवसांनी. दहाव्या वेळी मला तो सूर सापडला. छाती भरून मी ओरडलो, "पानी येऊन राहिलाऽऽऽ!"

खाली पाण्याशी तिचा नवरा बसला होता, फडकं बांधलेला हात मांडीवर घेऊन. त्याला आमचं काय चाललंय ठाऊक नव्हतं. तो उठला आणि मागे न पाहता काठ चढत सुटला, चिखलात घसरला, दुखरा हात टेकला, पुन्हा उठला, आणि आमच्यापर्यंत येऊन धापा टाकत मागे वळला. नदी संथ होती. त्याने आमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. फडक्यातून रक्त आलं होतं.

बाया हसायच्या थांबल्या.

"साहेब," तो म्हणाला, "असं खोटं नोका बोलू."

"नाही बोलणार," मी म्हणालो. त्यानंतर तीन पावसाळे मी त्या नदीवर काढले, आणि ते वाक्य पाणी येत असतानाच बोललो.